जुलाबात पाणी तोडू नका

पावसाळ्याची पहिली सर येऊन गेली की आठ-दहा दिवसांत दवाखान्यातील बाकावर जुलाबाने कोमेजलेली मुले दिसू लागतात. सोबतची आई किंवा आजी मोठ्या खात्रीने सांगते, "कालपासून पाणीसुद्धा दिलेलं नाही, डॉक्टर. दिलं की बाहेरच पडतं." यात निष्काळजीपणाचा लवलेशही नसतो. असतो तो एक तर्क, आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो: गळक्या माठात पाणी ओतून काय उपयोग? परंतु आतडे म्हणजे माठ नव्हे. जुलाबात मूल दगावते ते बहुतेक वेळा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आणि जे निघून जात आहे, नेमके तेच आपण प्रेमापोटी तोडत असतो.

आतड्याच्या अस्तरातील पेशींना जणू एक खास दार असते. त्या दारातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी ओढले जाते. पटकीसारख्या आजारात जंतूंचे विष आतड्यात पाण्याचा लोंढा सोडते, तेव्हाही हे दार शाबूत असते. म्हणजे जुलाब चालू असतानाही योग्य प्रमाणात मीठ आणि साखर घातलेले पाणी शरीरात शोषले जाते. नुसत्या पाण्याने क्षार भरून निघत नाहीत. उलट साखर अति झाली तर ती शरीरातीलच पाणी आतड्यात खेचते व जुलाब वाढतात. सारे महत्त्व आहे ते प्रमाणाला.

याचा पडताळा १९७१ साली मोठ्या कठीण परिस्थितीत आला. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामातील निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकी पसरली होती आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. तरीही आजच्या पालकांचा आग्रह असतो, "सलाइन लावूनच टाका." टोचलेले ते खरे औषध आणि पाजलेले ते तात्पुरते, ही समजूत काही केल्या सुटत नाही. जे मूल पिऊ शकते, त्याला बहुतेक वेळा सुईची गरज नसते.

मात्र पाजताना चुका होतात. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात एकदमच घालावी. थोडी पेल्यात, उरलेली चिमटा लावून डब्यात, ही काटकसर नको. त्याने प्रमाण हमखास बिघडते. तयार द्रावण २४ तासांनी टाकून द्यावे. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. पेला एकदम तोंडाला लावला की तो उलटून पडतो आणि मग "पोटात काही ठरतच नाही" असा निष्कर्ष निघतो!

फळांच्या चवीची, देखण्या खोक्यांतील गोड पेये ओआरएस समजून पाजणे हा तर नवाच घोटाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात बसत नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरीही घेताना वेष्टनावरील घटक वाचावेत.

'पोटाला विश्रांती' म्हणून अन्न तोडणेही तितकेच चुकीचे. अंगावरचे दूध मुळीच थांबवू नये. मोठ्या मुलाला मऊ भात, मुगाची खिचडी, केळे, ताजे ताक थोडे थोडे देत राहावे. भाताच्या पेजेत चिमूटभर मीठ घालून पाजणाऱ्या आपल्या आज्या शास्त्राच्या बरोबरीनेच चालत होत्या, हे इथे मुद्दाम नोंदवतो. जुने ते सारे टाकाऊ, असे मुळीच नाही.

आणखी एक समजूत: "दात येताहेत, जुलाब व्हायचेच." दात येण्याच्या सुमारास बाळ रांगू लागते, हाती लागेल ते तोंडात घालते, वरचे अन्नही तेव्हाच सुरू होते. जंतू पोटात जातात ते या वाटांनी. दातांवर भार टाकला की बाळाचे खाणे-पाणी आणि मोठ्यांचे हात तपासायचे राहून जातात.

जुलाब 'बांधणाऱ्या' गोळ्या लहान मुलांना घरच्या घरी कधीही देऊ नयेत. त्या घातक ठरू शकतात. अँटिबायोटिकची गरजही मोजक्याच वेळी असते. याउलट जस्ताची साधी गोळी, सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम याप्रमाणे १४ दिवस, खरोखर उपयोगी पडते. पण तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की तीही थांबवली जाते. ती पूर्ण द्यावी.

डोळे खोल गेले, मूल गुंगीत राहू लागले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले किंवा पाणी पिणेच बंद झाले, तर रात्र असो वा दिवस, डॉक्टरांकडे न्यावे. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर वाटेतही चमच्याने पाजणे चालू ठेवावे.