कुराणपठणाचे शिक्षण व कृत्रिम बुद्धिमत्ता

इस्लामी धर्मशिक्षणात कुराणाचे शुद्ध पठण व पाठांतर यांसाठी संगणकीय वाणी-अभिज्ञानाचा करण्यात येणारा उपयोग. कुराण परंपरेने गुरुमुखातून शिकले जाते. त्याच्या उच्चारशास्त्रास ‘तज्वीद’ व संपूर्ण कुराण मुखोद्गत असणाऱ्यास ‘हाफिज’ म्हणतात. शिष्याने संपूर्ण पाठ निर्दोष म्हणून दाखविल्यावर गुरू त्यास ‘इजाजत’ देतो. तीत थेट मुहंमद पैगंबरांपर्यंत पोहोचणारी गुरुपरंपरा (सनद) नमूद असते. ईजिप्तचे प्रख्यात कारी महमूद खलील अल्-हुसरी यांनी १९६०–६१ च्या सुमारास संपूर्ण कुराण ध्वनिमुद्रित केले, तेव्हापासून आदर्श पठण घरोघरी ऐकता येऊ लागले. तथापि शिष्याचे पठण ऐकणारे कोणी त्यामुळे मिळाले नाही. ती उणीव ‘तरतील’सारखी भ्रमणध्वनीवरील ॲप अलीकडे काही अंशी भरून काढीत आहेत.

संगणक पठणाचा ध्वनी सेकंदाच्या अल्पांशांत विभागतो, प्रत्येक अंशात कोणता वर्ण संभवतो हे ठरवितो व तयार झालेली वर्णमालिका मूळ संहितेशी ताडून पाहतो. संहिता निश्चित व मर्यादित (कूफी गणनेनुसार ६,२३६ आयती) असल्यामुळे गळलेला वा बदललेला शब्द दाखविणे त्यास सुकर जाते. हाफिजाला नित्य करावी लागणारी उजळणी यामुळे एकट्यानेही करता येते, हा या साधनांचा निर्विवाद लाभ होय.

मात्र पुढील शब्द आधीच ठाऊक असलेली प्रणाली सदोष उच्चारही बरोबर म्हणून स्वीकारण्याचा संभव असतो. उर्दू वा मराठी भाषकांच्या तोंडी अरबीतील ‘सीन’ व ‘साद’ हे दोन्ही वर्ण ‘स’ असेच उमटतात. ‘कल्ब’ या शब्दातील क पडजिभेजवळून उच्चारल्यास अर्थ ‘हृदय’, एरवी ‘कुत्रा’. असा दोष शिक्षक शिष्याच्या मुखाकडे पाहून सुधारतो. यंत्राला केवळ ध्वनी उपलब्ध असतो.

पाठभेदांचा प्रश्न याहून बिकट आहे. मान्यताप्राप्त पाठपरंपरांपैकी हफ्सची परंपरा बहुतेक मुस्लिम जगात रूढ असून मोरोक्को, अल्जीरिया इ. देशांत वर्शची चालते. पहिल्या सूरेत हफ्सनुसार ‘मालिकि’ (स्वामी), तर वर्शनुसार ‘मलिकि’ (राजा) असा पाठ आहे. केवळ हफ्सच्या ध्वनिमुद्रणांवर घडविलेली प्रणाली मोरोक्कोतील मुलाचा शुद्ध पाठ अशुद्ध ठरवील. शतकानुशतके जपलेले हे वैविध्य यंत्राच्या सोयीखातर संकोचेल, ही भीती अवाजवी म्हणता येत नाही.

महाजालावरून शिष्याचे पठण ऐकून इजाजत देणारे गुरू आता आढळतात. परंतु सनदेतील प्रत्येक दुवा व्यक्तीच असावा लागतो.