नांदूर मध्यमेश्वर : गाळातून घडलेले पाणथळ

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांचा जेथे संगम होतो, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश राजवटीत एक दगडी बंधारा बांधण्यात आला. कोपरगावाकडच्या अवर्षणाच्या पट्ट्याला कालव्यांनी पाणी पोचवणे हा त्याचा हेतू होता. पक्ष्यांचा विचार त्या आराखड्यात असण्याचे काही कारण नव्हते. परंतु दोन्ही नद्यांनी दर पावसाळ्यात वाहून आणलेली माती बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात बसत गेली, साठवण घटत गेली, आणि पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात जी निव्वळ तूट ठरली तिच्यातूनच उथळ पाणी, गाळाची बेटे, दलदल आणि पाणवनस्पती यांचा विस्तीर्ण प्रदेश उभा राहिला. मध्यमेश्वर या शिवस्थानावरून ओळखले जाणारे नांदूर हे गाव आज पक्ष्यांमुळे सर्वदूर माहीत झाले आहे, आणि त्या कीर्तीच्या मुळाशी हा गाळ आहे.

पाणथळ म्हणजे जमीन आणि पाणी यांच्या सीमेवरचा, वर्षातील काही काळ तरी उथळ पाण्याखाली राहणारा भूभाग. अशा जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर या गावी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याच्या यादीत समाविष्ट झालेल्या स्थळांना ‘रामसर स्थळ’ म्हणण्याची पद्धत पडली. नांदूर मध्यमेश्वरला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या नावाशी जोडले गेलेले ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे बिरुद मात्र या दोन्ही दर्जांहून अधिक लोकांच्या तोंडी आहे.

येथे वर्षभर पक्षी असतात, तरी या स्थळाचे खरे वैशिष्ट्य शरद ऋतूत कळते. सायबेरिया, मंगोलिया, मध्य आशिया आणि तिबेटचे पठार या भागांत वीण आटोपलेले पक्षी दिवस लहान होऊ लागताच दक्षिणेकडे निघतात. थंडीपेक्षाही पाणी गोठल्यामुळे अन्न दुर्मीळ होणे हे या प्रवासाचे प्रमुख कारण मानले जाते. आर्क्टिक प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या त्यांच्या वाटांच्या जाळ्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग असे नाव आहे, आणि दख्खनच्या पठारावरील जलाशय हे या मार्गावरचे विसाव्याचे व मुक्कामाचे टप्पे आहेत. हे आगमन एका दिवसात घडत नाही. पावसाळा सरण्यापूर्वीच तुतारी कुळातील चिखलपक्षी आणि भुवई बदकांच्या पहिल्या टोळ्या दिसू लागतात. सप्टेंबरात धोबी पक्षी शेपटी हलवत बांधांवरून धावताना आढळतात. आश्विन-कार्तिकात थापट्या, तलवार बदक आणि गडवाल यांची संख्या वाढत जाते, आणि गळ्यावरच्या निळाईमुळे ‘शंकर’ म्हटला जाणारा चिमुकला पक्षी पाणकणसाच्या बुंध्याशी येऊन राहतो. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, पण त्यांची वाट पाहणाऱ्याने हिवाळा चांगला मुरेपर्यंत धीर धरावा हे बरे.

शरदातील निरीक्षणात एक अडचण आहे आणि तिची पूर्वकल्पना नसली तर नवखा अभ्यासक निराश होतो. बदकांचे नर विणीनंतर आपली भडक पिसे टाकतात आणि काही महिने मादीसारख्या तपकिरी वेषात वावरतात. भुवई बदकाच्या नराला ज्या पांढऱ्या भुवईवरून नाव मिळाले, ती ठसठशीत भुवई येथे पोचल्यावर बराच काळ दिसतच नाही, आणि पुस्तकातील रंगीत चित्र हाती असूनही समोरचा थवा ओळखू येत नाही. अशा वेळी रंग सोडून चोच, आकार आणि चरण्याची रीत पाहावी लागते. थापट्याची ओळख या दिवसांतही पटते, कारण त्याची चोच टोकाकडे फावड्यासारखी रुंद होत गेलेली असते. ही चोच पाण्याच्या पृष्ठभागाशी टेकवून तो मान डावी-उजवीकडे हलवत संथपणे पुढे सरकतो; चोचीच्या कडांना कंगव्याच्या दातांसारखी बारीक झालर असते, तिच्यातून पाणी बाहेर निघून जाते आणि सूक्ष्म जीव व बिया आत अडकून राहतात. अनेकदा काही थापट्ये एकामागे एक गोल फिरत चरतात, म्हणजे पुढच्याने ढवळलेले पाणी मागच्याच्या कामी येते.

कोणता पक्षी कोठे उतरेल हे पाण्याच्या खोलीवरून ठरते, आणि नांदूर मध्यमेश्वर समजून घेण्याची किल्ली हीच आहे. पाणलाव्याला नुसता ओला चिखल पुरतो. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या घोट्याहून थोड्या अधिक पाण्यात चालतो. लांब चोचीचा पाणटिवळा त्याहून किंचित खोल पाण्यात उभा राहून गाळ टोचतो. थापट्या आणि तलवार बदक पृष्ठभागावर अथवा डोके बुडवून चरतात, तर लालसरीला बुडी मारण्याजोगे पाणी हवे असते. गाळाने तयार केलेल्या चढउतारांमुळे या साऱ्या खोल्या येथे अगदी जवळजवळ मिळतात. मात्र पाणी हातभर वाढले की चिखलाचे काठ बुडतात आणि चिखलपक्षी निघून जातात. फार उतरले की बुडी मारणारी बदके राहत नाहीत. ही पातळी निसर्गापेक्षा वरच्या धरणांच्या विसर्गावर आणि बंधाऱ्याच्या दरवाजांवर अवलंबून असते. नाशिककरांना पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून रोज वाचायला मिळणारे क्युसेकचे आकडे, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले त्याचे माप, पूररेषेसाठी महत्त्वाचे असतातच. पण शेतीची आवर्तने आणि गोदावरीवरच खालच्या बाजूला असलेल्या जायकवाडी धरणाची मागणी यांचा हिशेब मांडताना सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळातील संथ, स्थिर पातळीलाही त्यात मान्य स्थान मिळायला हवे. गाळ उपसून साठवण वाढवण्याचा विचारही याच दृष्टीने तपासावा लागेल, कारण सरसकट उपसा झाला तर ज्या उथळपणासाठी पक्षी येतात तोच नाहीसा होईल. नदीतून येणारे सांडपाणी आणि त्यावर पोसली जाणारी जलपर्णी ही दुसरी चिंता आहे. तिची दाट चादर पसरली की तळाशी उजेड पोचत नाही आणि बदकांचे खाद्य असलेल्या पाणवनस्पती खुंटतात.

अभयारण्य चारी बाजूंनी नांदत्या शेतीने वेढलेले आहे. पक्षी उतरू लागतात तेव्हाच निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची घाई सुरू होते आणि तिच्यामागोमाग औषधफवारणी चालते. म्हणून काठच्या शेतकऱ्यांना विश्वासात घेतल्याविना या जागेचे रक्षण कागदावरच राहील.

चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. सूर्य वर येण्यापूर्वी तेथे पोचणे उत्तम, आणि दुर्बीण जवळ असणे आवश्यक, कारण बरेचसे थवे काठापासून दूर असतात. प्रथम दिसतात ते वारकरी, काळ्या अंगाचे आणि कपाळावर गोपीचंदनासारखा पांढरा ठसा असलेले, शेकड्यांनी पसरलेले. पाणकणसाच्या वरून, पंख उथळ कोनात उचलून धरत, दलदली भोवत्या तरंगत येतो. हा शिकारी पक्षीही उत्तरेकडून आलेला असतो. त्याची चाहूल लागताच विखुरलेले वारकरी झपाट्याने एकमेकांकडे सरकतात, त्यांचा एकच काळा पुंजका होतो आणि पाय-पंखांनी उडवलेल्या पाण्याचा आवाज मनोऱ्यापर्यंत ऐकू येतो. भोवत्या एक-दोन घिरट्या घालतो, मागे पडलेला पक्षी दिसला नाही तर पुढच्या बेटाकडे निघून जातो, आणि थोड्याच वेळात वारकरी पुन्हा पसरून चरू लागतात.