प्रोग्रॅमच्या पोटात डोकावताना

वसतिगृहाच्या खानावळीची यादी छापणारा प्रोग्रॅम मी लिहिला. पण शेवटचे नाव उमटेना. ते नेमके माझेच! दोष यादीत की छपाईत?

अशा वेळी डीबगर कामी येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेल्या 'जीडीबी'त २००९ च्या ७.० आवृत्तीपासून पायथनमधून आज्ञा देता येतात. प्रोग्रॅम थांबवून 'प्रिंट' म्हटले, तर साखळीची एकच कडी आणि पुढच्या कडीचा पत्ता दिसतो. म्हणून छोटी पायथन-आज्ञावली लिहिली: पत्ता शून्य येईपर्यंत पुढे जा, प्रत्येक नाव दाखव.

पाहतो तो माझे नाव शाबूत! पुढे कडी नाही असे दिसताच छपाईचे चक्र शेवटची कडी न छापता थांबत होते. घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. तर्कापेक्षा प्रत्यक्ष पाहावे, हे येथे शिकलो.