पंचगंगेचे अदृश्य प्रदूषण : उगम शिवारात, उपाय ओढ्याकाठी

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखली येथे एकत्र येते व पुढे पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. या नदीच्या प्रदूषणाचाही एक प्रवाह असाच गुप्त आहे.

प्रदूषणाचा विषय निघाला की कोल्हापूरचा जयंती नाला व इचलकरंजीचे सांडपाणी यांकडे बोट दाखविले जाते, आणि ते रास्तच होय. २०१२ साली इचलकरंजीत उद्‌भवलेल्या काविळीच्या साथीने दूषित पाण्याचे मोल किती जबर असते हे दाखवून दिले. परंतु नाल्याला वा कारखान्याच्या नळाला तोंड असते. तेथे पाण्याचा नमुना घेता येतो, १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमान्वये कारवाई करता येते. शेकडो शिवारांतून पावसाबरोबर ओघळणाऱ्या पाण्याला असे एक तोंड नसते. त्याला नोटीस बजावणार तरी कोणाच्या नावे?

हे घडते कसे, ते पाहू. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात होते. युरिया पाण्यात तत्काळ विरघळतो. त्यातील नत्राचे नायट्रेट बनून ते पाण्याबरोबर जमिनीत खोल उतरते व विहिरीपर्यंत पोहोचते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक सांगते. तान्ह्या मुलांना त्याचा धोका विशेष. स्फुरदाची तऱ्हा निराळी. ते मातीच्या कणांना चिकटून राहते व माती वाहिली की तिच्यासह ओढ्यात येते. पुढे बंधाऱ्यांना बरगे घालून पाणी अडविले, की साचलेल्या संथ पाण्यात याच खाद्यावर शेवाळ व जलपर्णी माजतात. ही वनस्पती कुजू लागली म्हणजे पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे तडफडतात. ओढ्याकाठचे उकिरडे आणि फवारणी पंप धुतलेले पाणी यांची भर निराळीच.

खत टाकूच नये, असा याचा अर्थ नव्हे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. पण ते लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के व मोठ्या बांधणीस ४० टक्के, असे चार हप्त्यांत द्यावयाचे असते. मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकलेली मात्रा ही ओढ्याला दिलेली मात्रा ठरते. माती परीक्षण करून खत देणे, ते सरीत टाकून मातीआड करणे आणि शक्य तेथे ठिबकमधून देणे, यांत शेतकऱ्याचाच पैसा वाचतो. पाचट न जाळता सरीत पसरल्यास जमीन झाकली जाते व माती धरून राहते.

तथापि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे ओढ्याचा काठ. अगदी पाण्यापर्यंत नांगर नेण्याची स्पर्धा अनेक गावांत दिसते. काठालगत गवताचा व झुडपांचा पट्टा राखला तर वाहत्या पाण्याचा वेग मंदावतो, गाळ तेथेच बसतो आणि वैरणही मिळते. एकट्याने पट्टा सोडून भागत नाही. वरच्या शेतकऱ्याची माती खालच्याच्या पट्ट्यावरून वाहतेच. म्हणून हा विषय ग्रामसभेत येणे अगत्याचे आहे. उकिरडे ओढ्यापासून दूर, बांधीव खड्ड्यांत हलविणे, पंप धुण्याची जागा ठरविणे आणि काठाची आखणी करणे ही कामे ग्रामपंचायतीला हाती घेता येतील. शाळांनी पावसाळ्यापूर्वी व पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याचे पाणी काचेच्या बाटल्यांत भरून शेजारी ठेवावे. तळाशी बसलेला गाळ कोणाच्या शिवारातला, हे मुले घरी विचारतीलच.