तात्पर्य नसलेली गोष्ट

गोष्ट संपली, की ‘मग यावरून काय शिकलास?’ असं विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडतं का? खरं सांगा हं! बीॲट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेने तात्पर्याचं शेपूट न लावताच पीटर सशाची गोष्ट सांगितली, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी मुलं ती पुन्हा पुन्हा मागतात.

१८९३ साली त्यांच्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता. त्याला लिहिलेल्या सचित्र पत्रातली ही गोष्ट. प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा बाईंनी पदरमोड करून १९०१ मध्ये २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न यांनी ती रंगीत चित्रांसह काढली आणि पुढे या मालिकेत २३ पुस्तकं झाली. सगळी चिमुकल्या हातांत मावतील एवढीच!

पहिल्याच पानांवर ससेआई बजावते, मॅक्ग्रेगरच्या बागेत जाऊ नका. तुमचे वडील तिथे गेले आणि त्याच्या बायकोने त्यांना मैद्याच्या पारीत घालून भाजलं. इथे आपली जीभ अडखळते. वाक्य गाळावंसं वाटतं. कृपा करून गाळू नका! ते काढलंत, तर पीटर बागेत शिरतो तेव्हा मुलाच्या छातीत धडधड होणार कशी?

शिवाय या घरात बाप नाही, हे त्यावरूनच कळतं. १९०४ च्या पुस्तकात ही आई सशाच्या लोकरीचे हातमोजे विणून विकते, घर चालवते. म्हणूनच पीटर कोट आणि बूट हरवून येतो, पंधरवड्यात दुसऱ्यांदा, तेव्हा आपल्याला तिची चिंता कळते. मुलाला मात्र काळजी एकच, ती आता मारणार का? मारत नाही. कॅमोमाइलच्या फुलांचा काढा पाजून निजवते. बहिणींना दूध, पाव आणि ब्लॅकबेरी. बस्स, गोष्ट संपली.

संक्षिप्त आवृत्ती घेताना वडिलांचं वाक्य आहे ना, ते दुकानातच पाहून घ्या. इंग्रजी येत नसेल तर चित्रं दाखवत मराठीतून सांगा; मूळ मजकूर पानाला चार-दोन ओळींचाच आहे. आणि पीटर पाण्याच्या झारीत लपतो, त्या पानावर जरा थांबा. शिंक मुलालाच देऊ द्या.