बेंटली वूड : एका आधुनिक ग्रामगृहाचा घाट

इंग्रजीतील ‘कंट्री हाऊस’ या संज्ञेस मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘वाडा’ म्हणावे तर वाड्याचे तोंड आत, चौकाकडे असते. ‘गढी’ म्हणावी तर तीत संरक्षणाचा भाव प्रबळ. इंग्लंडमधील जमीनदाराचे ग्रामगृह बाहेर पाहते. त्याच्या खिडक्यांतून दिसणारी कुरणे, वृक्षराजी आणि दूरची टेकडी हा त्या वास्तूचाच एक भाग होय. जेन ऑस्टिनच्या वाचकाने पेंबर्ली आठवावे; नायिकेचे मन पालटण्यास ते घर आणि भोवतीचा परिसर हातभार लावतो. या पाहण्यामागे अर्थातच मालकी असते. दिसते ते आपले, आणि त्याचा खंड आपल्याकडे येतो, हा त्या दृष्टीचा पाया.

पहिल्या महायुद्धानंतर हा पाया खचला. वारसाकर वाढले, नोकरवर्ग दुर्मीळ झाला, कित्येक थोर घरे पाडली गेली. मग मालकीचा विस्तार वजा करून केवळ ती दृष्टी राखता येईल काय? सर्ज चेर्मायेफ याने 1938 साली ससेक्समधील हॅलंड येथे स्वतःसाठी बांधून पुरे केलेले ‘बेंटली वूड’ हे घर म्हणजे या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

चेर्मायेफचा जन्म 1900 मधील, ग्रोझ्नी येथील. एरिक मेंडेलसोन याच्यासह त्याने उभारलेला बेक्सहिलचा द ला वॉर पॅव्हिलियन 1935 साली खुला झाला होता. तेथे पोलाद व काँक्रीट होते. येथे त्याने लाकूड निवडले. सांगाडा ऑस्ट्रेलियातील जारा या कठीण लाकडाचा, बाह्यांगाच्या फळ्या उत्तर अमेरिकेतील तांबड्या सीडरच्या. इंग्लिश भूमीशी एकरूप होऊ पाहणाऱ्या या घराचा देह असा सर्वस्वी परदेशी असावा, ही गोष्ट टीकाकारांच्या सहसा ध्यानात येत नाही. स्थानिक परिषदेने मात्र वेगळ्याच कारणास्तव बांधकामास प्रथम परवानगी नाकारली. सपाट छपराची ती आयताकृती पेटी तिला परिसराशी विसंगत वाटली. जाहीर चौकशीनंतरच चेर्मायेफला मार्ग मोकळा झाला.

घर दुमजली. दक्षिणेकडील दर्शनी बाजू म्हणजे सांगाड्याने आखलेली समान गाळ्यांची चौकट. खाली सरकती काचेची दारे, वर आत घेतलेला सज्जा. भिंत भार वाहत नाही, म्हणून ती काचेची होऊ शकते. हे आधुनिक वास्तुकलेचे परिचित सूत्र होय. पण येथे त्याचा उपयोग यंत्रयुगाच्या घोषणेसाठी झालेला नाही. दारे सरकवली की बैठकीची खोली फरसबंद गच्चीत मिसळते. त्या गच्चीच्या अखेरीस एक उभी लाकडी चौकट आहे. घराच्याच जाळीचा एक तुकडा सुटून पुढे जाऊन उभा राहावा, तशी ती भासते. तिच्या गाळ्यांतून पलीकडची भूमी विभागून दिसते. उद्यानरचनेत ख्रिस्तोफर टनर्ड याचा हात होता. खासगी हद्द संपली तरी दृष्टी पुढे जात राहते, आणि ती कोठे संपली हे ही चौकट प्रांजळपणे दाखवते.

या जागेसाठी चेर्मायेफने हेन्री मूर याच्याकडून हॉर्नटन दगडातील पहुडलेली स्त्रीमूर्ती घडवून घेतली. घराच्या काटकोनी रेषा आणि साउथ डाउन्सच्या लयदार टेकड्या यांमध्ये तिने मध्यस्थी करावयाची होती. तिच्या अंगातील पोकळ्या व उंचवटे टेकड्यांशी जितके बोलतात तितकेच ते त्या सरळ फळ्यांना उत्तर देतात. मूर्तीवाचून ती गच्ची अपुरी आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

परंतु मूर्ती तेथे फार काळ राहिली नाही. चेर्मायेफ आर्थिक अडचणीत सापडला आणि मूर्ती मूरकडे परत गेली. 1939 मध्ये कंटेम्पररी आर्ट सोसायटीने ती घेऊन टेट संग्रहालयास दिली. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी गेलेली ही मूर्ती महायुद्धाचा काळ अमेरिकेतच होती. तिचा पहिला धनीही 1940 साली घर सोडून त्याच देशात गेला. घर पुढे इतरांच्या हाती पडले आणि त्यात फेरफार झाले.

अमेरिकेत चेर्मायेफने अध्यापन केले. ख्रिस्तोफर अलेक्झांडर याच्यासह त्याने 1963 मध्ये ‘कम्युनिटी अँड प्रायव्हसी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नागरी कोलाहलात माणसाला एकांत कसा मिळावा, हा त्याचा विषय. ज्याने ससेक्समध्ये संपूर्ण भिंत काचेची करून टाकली होती, त्याने येथे पुरस्कारलेली घरे परस्परांस खेटून उभी आहेत, आणि त्यांची तोंडे आत, चौकाकडे आहेत.