बुरशीचा पाहुणचार

भाताच्या हिरव्या पानावर एके दिवशी तपकिरी ठिपके दिसू लागतात. शेतकरी ते पान घेऊन कृषी प्रयोगशाळेत येतो व विचारतो, "हा रोग कोणता? पीक हाती लागेल ना?" नुसत्या डोळ्यांनी पाहून याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही; कारण खरा अपराधी पानाच्या आत दडून बसलेला असतो. पुष्कळदा ती एखादी बुरशी असते.

हा प्रश्न लहानसहान नाही. १९४२ साली बंगालमध्ये भातावर तपकिरी ठिपक्यांच्या रोगाची साथ आली. पुढील वर्षीच्या भीषण दुष्काळास युद्ध, महागाई व राज्यकर्त्यांची अनास्था ही कारणे होतीच. परंतु या रोगानेही त्यात भर घातली, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे.

मग दडलेल्या बुरशीला बाहेर कसे काढावयाचे? शास्त्रज्ञ तिला जेवावयास बोलावतात! पानाचा लहानसा तुकडा जंतुनाशक द्रवात बुडवून वरवरचे जंतू मारतात, तो स्वच्छ पाण्याने धुतात आणि काचेच्या ताटलीतील अन्नावर ठेवतात. तीनचार दिवसांत बुरशीचे पांढरे तंतू बाहेर डोकावू लागतात.

या पाहुणचारात बटाट्याला पहिला मान मिळालेला आहे. १ लिटर पाण्यासाठी २०० ग्रॅम बटाटे उकळून त्यांचे पाणी गाळून घेतात. त्यात २० ग्रॅम द्राक्षशर्करा व तितकेच आगर घालतात आणि ते मिश्रण दाबाच्या भांड्यात १२१ अंश सेल्सिअसवर निर्जंतुक करतात. समुद्रशेवाळापासून काढलेल्या आगरामुळे ते थंड झाल्यावर खरवसासारखे थिजते. प्रयोगशाळेत आगर आणण्याची कल्पना १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे या गृहिणीने सुचविली. ती स्वयंपाकात त्याचा उपयोग करीत असे.

बटाट्यात मुख्यतः पिष्ट असते. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपले पाचक रस बाहेर सोडते, पिष्टाची साखर करते आणि ती शोषून घेते. पिष्ट असलेल्या ताटलीवर आयोडीनचे पाणी ओतले की ती निळीकाळी होते. पण पिष्ट पचविणाऱ्या बुरशीभोवती फिकट वलय उरते. तेथील पिष्ट तिने फस्त केलेले असते!

पिष्ट काही एकट्या बटाट्यातच नसते. आफ्रिकेतील नायजेरियासारख्या उष्ण देशात बटाट्यापेक्षा साबुकंद व कोनफळाच्या जातीचे कंद विपुल पिकतात. म्हणून तेथील संशोधकांनी अशा कंदांवर बुरशी वाढवून पाहिली आहे. साबुकंद आपणांस परका नाही. उपवासाचा साबुदाणा त्याच्याच पिष्टाचा करतात. रताळी, तांदूळ व ज्वारी यांचाही असा उपयोग होऊ शकतो.

तथापि, बटाट्याच्या जागी दुसरा कंद टाकला की काम झाले, असे मात्र नाही. साबुकंदात विषारी द्रव्य निर्माण करणारे घटक असतात, म्हणून तो सोलून, भिजवून, नीट उकळावा लागतो. त्यात प्रथिनेही फार थोडी असतात. ती उणीव अन्य पदार्थाने भरून काढावी लागते. शिवाय अन्न बदलले की बुरशीचा रंग बदलतो व तिला बीजाणू कमीअधिक येतात. बुरशीची ओळख तर बहुधा बीजाणूंवरूनच पटवितात! ओळख चुकली तर औषध चुकते, आणि औषध चुकले तर पीक जाते. यास्तव एकच बुरशी जुन्या व नव्या अन्नावर शेजारी शेजारी वाढवून, रोज मोजमाप घेऊन, मगच नव्या अन्नावर विश्वास ठेवतात. तांबेऱ्यासारख्या काही बुरशी तर जिवंत झाडावाचून सहसा वाढतच नाहीत.

दूरच्या महाग वस्तूवाचून अडून न बसता, आपल्या शेतात पिकणाऱ्या कंदाची कसोटी घेऊन तो कामास लावणे, यातच खरी शास्त्रीय दृष्टी आहे. अशी प्रयोगशाळा खेड्याजवळ उभी राहिली, तर रोगट पान घेऊन आलेल्या शेतकऱ्याला आपल्या प्रश्नाचे उत्तर पीक हातचे जाण्यापूर्वी मिळू शकेल.